परवाना कुठे पूर्ण करावा? ॲरिझोना ते हेरेस, शाळा बघत

वैमानिकाचं प्रशिक्षण अर्ध्यावर आहे आणि परदेशी जाणं ठरलंय, अशांसाठी हे लिहितोय. माझा सोलो (एकट्याने उड्डाण) झाला होता, क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणारी लांब उड्डाणं) उरली होती आणि बस्तान युरोपात हलणार होतं. पुढे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, करायचं हेही नक्की होतं. आहे तिथेच पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, संपवायचं, अमेरिकेत जाऊन सगळं भराभर उरकायचं, की युरोपात पोचल्यावर पुढचं बघायचं? वेबसाइटवर प्रत्येक शाळेचं आकाश निळंच असतं, म्हणून आधी ॲरिझोना आणि मग दक्षिण स्पेन असा फेरा मारला.

फिनिक्सच्या आसपास फ्लाइंग स्कूलांची दाटी आहे. पूर्वेला मेसाचं फाल्कन फील्ड. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक तिथे शिकले, आणि शिकताना दगावलेल्यांच्या कबरी मेसाच्या दफनभूमीत आहेत. पश्चिमेला गुडइयर, जिथे लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीचे विद्यार्थी कित्येक दशकं उडायला शिकले. एवढ्या लांब येण्याचं कारण एकच, हवामान. ढगांमुळे उड्डाण रद्द झालं असं इथे क्वचितच ऐकू येतं.

पण आणखी दोन गोष्टी तिथे उभं राहिल्यावरच कळतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, हवा विरळ होते आणि विद्यार्थ्यांची चार आसनी विमानं वर चढायला कुरकुरतात. त्यामुळे निम्मी शाळा पहाटे अंधारात उडते. दुसरी गोष्ट गर्दीची. उत्तरेकडच्या डीअर व्हॅली विमानतळावर धावपट्टीच्या तोंडाशी विमानांची रांगच रांग असते. इंजिन चालू असलं की हॉब्स मीटर फिरतो, आणि बहुतेक ठिकाणी बिल हॉब्सवर निघतं. म्हणून शाळेला तासाचा दर विचाराच, पण सकाळी आठच्या सुमारास कुंपणाबाहेर उभं राहून एखादं विमान टॅक्सी सुरू केल्यापासून किती वेळाने हवेत जातं तेही घड्याळ लावून बघा. दर कमी आणि रांग लांब असेल, तर स्वस्त शाळाच महाग पडते.

अमेरिकेत पर्यटक व्हिसावर शाळा बघता येतात, एखादं ओळख-उड्डाणही करता येतं. परवान्याचा कोर्स मात्र करता येत नाही. त्यासाठी विद्यार्थी व्हिसा, आणि परदेशी नागरिकाला वर टीएसए या तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची मंजुरी लागते. 'आधी या, कागद नंतर बघू' असं सांगणारी एक शाळा मला भेटली. तिथून सरळ उठलो.

स्पेनमध्ये हेरेसला गेलो. ऊन इथेही भरपूर आहे, पण अटलांटिकवरून हिवाळी पाऊस येतो, वारा चांगलाच सतावतो आणि शेजारी रोटाचा नाविक तळ असल्याने हवाई क्षेत्र सांभाळून उडावं लागतं. मला हे पसंत पडलं. ज्या नियमांखाली आणि ज्या रेडिओ-पद्धतीत पुढची वर्षं काढायची, त्यातच हात बसलेला बरा.

खरं महत्त्वाचं ज्ञान मात्र विमानात मिळालं नाही, तिथल्या शाळेच्या कचेरीत मिळालं. मी समजत होतो की आधी माझं पीपीएल युरोपीय करून घ्यावं लागेल. सर्वसाधारण नियमाने त्याला १०० तासांचा अनुभव, दोन विषयांच्या परीक्षा आणि स्किल टेस्ट (परीक्षकासोबतची उड्डाण-परीक्षा) लागते. पण युरोपातल्या मॉड्युलर (टप्प्याटप्प्याने करायच्या) सीपीएल कोर्सला बसायला पीपीएल युरोपीयच हवं असं नाही. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणे दिलेलं कुठल्याही देशाचं पीपीएल चालतं. अर्धवट प्रशिक्षणाला असा हुकमी मान नाही. नव्या शाळेत तुमचे तास मोजायचे की पुन्हा पहिल्यापासून सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) मारायला लावायचे, हे बरंचसं शाळेच्या हातात जातं.

सीपीएलचं गणित उलटं आहे. अमेरिकन सीपीएल घेऊन युरोपात गेलात, तर सगळे लेखी पेपर पुन्हा द्यावे लागतात. विषय १३, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के आणि सगळं १८ महिन्यांच्या आत. अमेरिका आणि युरोपीय संघ यांच्यात सवलतीचा करार आहे, पण तो खासगी परवान्यापुरता. व्यावसायिक परवान्याला त्याचा उपयोग नाही.

त्यामुळे माझं असं ठरलं: पीपीएल आहे तिथेच पूर्ण करून निघायचं, थिअरी आणि सीपीएल युरोपात, आणि सीपीएलला लागणारे मधले उड्डाणाचे तास भरायला, जमलं तर, हिवाळ्यात ॲरिझोना. तास भरताना ३०० सागरी मैलांचं लांब उड्डाण नीट आखा. युरोपला निघालो त्याहून वेगळ्या दोन विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेलं लागतं. अमेरिकेला किमान तीन ठिकाणी लँडिंग, आणि त्यातलं एक ठिकाण निघालो तिथून सरळ रेषेत किमान २५० सागरी मैलांवर लागतं. एकट्याने केलेलं एकच उड्डाण दोन्हींत बसवता येतं. पुढे बेत बदलला तर हायसं वाटेल.

मेडिकल मात्र या सगळ्याच्या आधी. तेही ज्या देशाचा व्यावसायिक परवाना घ्यायचाय त्याच्या नियमांचं; युरोपात क्लास वन. रंगदृष्टीपाशी अडकणारे बरेच असतात आणि ते फी भरण्यापूर्वी कळलेलं बरं. इंग्रजीच्या पातळीचा दाखलाही वेगळा काढा. अमेरिकन परवान्यावर 'इंग्रजी येतं' एवढंच छापलेलं असतं, पातळी नसते, आणि युरोपात ती मागतात.

जुनी शाळा सोडताना लॉगबुकवर सही-शिक्का आणि प्रशिक्षणाच्या नोंदींची पूर्ण प्रत हातात घेतल्याशिवाय निघू नका. परदेशातून ईमेल करून ती मिळवणं जिकिरीचं होतं.

नवी शाळा बघताना हँगर दाखवा म्हणा. विमानं किती हे सगळे सांगतात. आज उडण्याजोगी किती आणि परीक्षक कितव्या आठवड्यात मिळतो, हे विचारल्यावर चेहरे बदलतात. संपूर्ण फी आगाऊ मागितली तर नाही म्हणा, टप्प्याटप्प्याने भरा. आणि विद्यार्थ्यांशी बोलायचं असेल तर इन्स्ट्रक्टर उड्डाणावर असतील ती वेळ गाठा.