ओल कुणाला, ऊन कुणाला

महाशिवरात्रीच्या आगेमागे सांगलीतील हवा बघता बघता कोरडी होते. पहाटे रग सोडवत नाही आणि दुपारी पंख्यावाचून बसवत नाही, असे हे दिवस असतात. वसंताचे कौतुक फुलांवरून करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि पळस-पांगारा फुलत असताना ती चुकीची म्हणता येणार नाही. घर आणि बाग सांभाळणाऱ्याला मात्र हा ऋतू ओलाव्याच्या हिशेबाचा वाटतो. कशातील ओल काढायची आणि कशाची ओल जपायची, एवढे उमगले की फाल्गुनातील निम्मी कामे मार्गी लागतात.

हा हिशेब शिकायचा तर हळदीच्या खळ्यावर जावे. काढणीनंतर शिजवलेली हळद पंधरा-एक दिवस उन्हात पसरलेली असते आणि रात्री दव पडू नये म्हणून ती गोळा करून ताडपत्रीखाली झाकली जाते. वाळत आलेली हळद शेतकरी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पारखतो. एक हळकुंड उचलून तो मध्यावर मोडतो. आवाज खणखणीत आला तर माल तयार, आणि तुकडा वाकून, चिवटपणे सुटला तर अजून ऊन हवे. पाच क्विंटल ओल्या हळदीतून जेमतेम एक क्विंटल वाळलेली हळद हाती येते, यावरून या उन्हाने किती पाणी ओढून घेतले ते कळते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली होती आणि नीट वाळवलेला माल त्यांत वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि इतक्या वर्षांची ती व्यवस्था ओलीपुढे हतबल ठरली.

घरातील धान्याची गोष्ट याहून वेगळी नाही. जत, आटपाडीकडचा नवा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, याच सुमारास बाजारात येतो आणि वर्षाचे धान्य भरणाऱ्या घरांत गच्चीवर चादरी अंथरल्या जातात. ऊन दाखवायला कोणी विसरत नाही; घाई होते ती पुढच्या पायरीला. दुपारी तापलेले धान्य तसेच कोठीत ओतले, तर ते आत निवताना झाकणाला घाम सुटतो आणि तेवढ्या ओलाव्यावर जाळी आणि पोरकिडे धरायला वेळ लागत नाही. म्हणून वाळलेले धान्य सावलीत पूर्ण निवू द्यावे आणि मगच भरावे. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर तोही आधी सुकवलेला असावा. ताजा हिरवा पाला घालून आपणच कोठीत ओल नेऊन ठेवतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

सगळ्यालाच ऊन मानवते असेही नाही. तासगावकडे बेदाणा तयार करणारे द्राक्षांचे घड द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर, सावलीत आणि खेळत्या वाऱ्यावर वाळवतात, कारण थेट उन्हात मण्यांचा हिरवट रंग टिकत नाही आणि ते काळपटतात. कढीपत्ता, पुदिना, मेथी वाळवताना हाच नियम पाळावा. या दिवसांत मेथीची जुडी स्वस्त असते. ती निवडून, धुऊन, फडक्यावर पूर्ण कोरडी करून घरातच पंख्याखाली पसरली, तर हिरवी राहते आणि तिचा वासही टिकतो.

वाकळी आणि रजया मात्र कडक उन्हातच वाळवाव्यात. वाकळ वरून वाळली तरी तिच्या पोटात ओल राहते, म्हणून दुसऱ्या दिवशी ती उलटून पुन्हा ऊन द्यावे. नाहीतर श्रावणात घडी उलगडताच कुबट वास येतो. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. गळीत हंगाम सुरू असेपर्यंत शेतात पेटवलेल्या पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याची, काळी राख वाऱ्याबरोबर गच्चीवर येते आणि नेमकी पांढऱ्या चादरीवरच उतरते. अशा दिवशी वाळवण सकाळी लवकर घालून वारा सुटण्याआधी काढलेले बरे.

पाचट जाळण्यापेक्षा ते मागून आणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बागेतील ओल जपायला त्याच्यासारखे आच्छादन नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते हे खरे, पण एकदा सुकली की तिला भेगा पडतात, कोवळी मुळे तुटतात आणि भेगांतून उरलेली ओलही उडून जाते. झाडांभोवती हलकी खुरपणी करून भेगा बुजवाव्यात आणि वर पाचटाचा किंवा पालापाचोळ्याचा चार बोटे जाड थर द्यावा. तो खोडाला मात्र चिकटू देऊ नये. कुंडीला रोज ठरलेल्या वेळी तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊच नये.

मोगऱ्याला तर मुद्दाम तहानलेले ठेवावे लागते. थंडी सरता सरता त्याचे पाणी तोडून छाटणी करावी, जुनी पाने काढून टाकावीत आणि मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करावे. या ताणानंतर येणारी नवी फूट कळ्या घेऊनच येते. मोहोरलेल्या आंब्यालाही फळे वाटाण्याएवढी होईपर्यंत भरपूर पाणी देऊ नये. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो पाडावा आणि मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. दोडका, काकडी, भोपळ्याच्या बिया रात्रभर भिजवून आता लावल्या, तर कडक उन्हाळ्यापूर्वी वेल मांडवावर चढतो.

माठ ही एकच वस्तू अशी, जिच्यातून ओल बाहेर पडत राहावी अशी आपली इच्छा असते. पाझरलेले पाणी वाऱ्यावर उडताना आतली उष्णता घेऊन जाते, आणि आपल्याकडची हवा कोरडी असल्याने कोकणापेक्षा इथे माठाचे पाणी अधिक गार होते. जुन्या माठावर क्षारांचा पांढरा थर साचला असेल तर छिद्रे बुजलेली असतात. तो काथ्याने घासावा, साबण लावू नये, आणि माठ कोपऱ्यात न ठेवता खिडकीच्या वाऱ्यात ठेवावा.

राहता राहिला वर्षाचा कांदा-लसूण मसाला. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची देठ काढून इतकी वाळवावी की हातात घेतल्यावर आतल्या बिया खुळखुळल्या पाहिजेत. कांदा वाळवून आणि खमंग तळून घ्यावा, कारण मसाला खराब होतो तो बहुधा कांद्यात राहिलेल्या पाण्यामुळे. बरणी भरल्यावर मध्ये आणि वर हिंगाचे खडे ठेवावेत. एप्रिलमध्ये डंखावर, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्रावर, रांग लागते आणि अवकाळी पावसाचे ढगही फिरू लागतात. तेव्हा होळीच्या पुढच्याच आठवड्यात मिरची घेऊन जावे.