हद्दपारी आणि छळाची मर्यादा
परदेशी गुन्हेगाराला मायदेशी धाडताना मानवाधिकार आड का यावेत, असा प्रश्न नाशिकच्या जिल्हा न्यायालयाबाहेर चहा घेताना एका तरुण वकिलाने मला विचारला. ब्रिटनमध्ये २००७च्या कायद्यानुसार १२ महिने किंवा अधिक शिक्षा झालेल्या परकीयाची हद्दपारी हाच नियम आहे, आणि तो मला रास्त वाटतो. कुटुंबजीवनाचा हक्क गुन्ह्याच्या गांभीर्याशी तोलता येतो. परंतु जिथे छळाचा खरा धोका आहे तिथे कोणालाही पाठवता येत नाही, हे युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६मध्ये ब्रिटनविरुद्धच्या चहल खटल्यात, तेही भारतात पाठवण्याच्या संदर्भात, बजावले. दहशतवादाचे आरोप असलेला कट्टरपंथी जॉर्डनी धर्मोपदेशक अबू कतादा याची ब्रिटनमधून जॉर्डनला पाठवणी वर्षानुवर्षे रखडली, हे खरेच. पण छळातून मिळवलेल्या पुराव्याविरुद्ध हमी देणारा करार जॉर्डनशी झाल्यावर २०१३मध्ये ती झालीच. एवढा विलंब मला मान्य आहे.