खंडेनवमी आणि आमची एअरगन मंडळी

आमच्या एअरगन मंडळाचा वार्षिक मेळावा दोन टप्प्यांत व्हायचा. खंडेनवमीच्या संध्याकाळी शस्त्रपूजन आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी स्पर्धा. तो रविवार कोजागिरीच्या जवळ आला तर स्पर्धा सरळ आठवडाभर पुढे, कारण तेव्हा निम्मं सोलापूर तुळजापूरच्या वाटेवर पायी निघालेलं असतं आणि त्यात आमचेही बरेच जण असायचे. घरच्यांना आणि पाहुण्यांना स्पर्धा म्हणजेच मेळावा वाटे. मला विचाराल तर खरा मेळावा नवमीचा. रविवारी आम्ही जी काही नेमबाजी दाखवली, ती शिकलो त्या संध्याकाळी.

जागा ठरलेली होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्यातल्याच एका पद्मशाली कुटुंबाचा टॉवेलचा कारखाना. नवमीला मागांची पूजा, म्हणून माग बंद. एरवी ज्या शेडमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तिथं त्या दिवशी फरशीवर पडलेला स्क्रूही ऐकू यायचा. मागांना झेंडूच्या माळा घातलेल्या असायच्या, आणि पलीकडच्या गोदामात सोलापुरी चादर अंथरून तिच्यावर आमच्या बंदुका रांगेनं मांडलेल्या. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मामा, शाळेत अनेक वर्षं एनसीसी घेतलेले सर, एक डॉक्टर, दोन-तीन रेल्वेवाले, मागवाले आणि कॉलेजची पोरंपोरी. मराठी, तेलुगू, कानडी, सगळं एका दमात चालायचं. यातल्या बहुतेकांनी आयुष्यातली पहिली बंदूक हातात घेतली ती गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावरच्या फुग्यांच्या स्टॉलवर.

पूजेआधी प्रत्येक बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री व्हायची. सर स्वतः रांगेतून फिरायचे. हळदकुंकू फक्त लाकडी दस्त्यावर लावायचं, नळीजवळ फूल नाही, अक्षता नाहीत. नळीच्या आतली आटे पाडलेली खाच किती बारीक असते आणि छर्ऱ्याचं शिसं किती मऊ, हे ते दरवर्षी नव्याने सांगायचे. पक्ष्यावर नेम धरणारा मंडळात राहणार नाही, हा नियमही तेव्हाच जाहीर व्हायचा आणि त्याला अपवाद नव्हता. नवीन मुलांच्या पालकांचा प्रश्न ठरलेला असे, लायसन लागतं का? पुढे 2016 च्या शस्त्र नियमांनंतर सरांचं उत्तर एका वाक्यात होऊ लागलं: नळी 4.5 मिलिमीटरपर्यंत आणि ताकद 20 ज्यूलपर्यंत असेल तर नाही, पण शिस्त मात्र लायसनच्या बंदुकीची. मग ते हमखास मावळणकरांवर यायचे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांनी 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली, आणि त्यांच्याच नावाच्या स्पर्धेतून देशभरातले नेमबाज वर येतात, हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. आपल्या मराठी माणसानं हे केलं, याचा त्यांना मनापासून अभिमान होता.

आरती झाली की मामांचा ताबा सुरू. ही संध्याकाळ त्यांचीच होती.

आमच्याकडे तेव्हा बहुतेक देशी बनावटीच्या, नळी सांध्यातून खाली वाकवून स्प्रिंग चढवायच्या रायफली. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि पिस्टननं दाबलेली हवा छर्रा बाहेर फेकते. जुन्यांत पिस्टनच्या तोंडाला चामड्याचा वॉशर. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो. त्या कोरड्या गरमीत चामडं आखडतं, हवा सुटते आणि रायफलीचा जोर उतरतो. मामांनी लाकडी चौकट आणि मोठा आट्याचा स्क्रू वापरून एक शिकंजा बनवला होता. आतली स्प्रिंग दाबाखाली असते. नुसती पिन ओढली तर मागचा भाग सुटून अंगावर येतो. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट धरायची, मग पिन काढायची आणि स्क्रू हळूहळू सैल करत स्प्रिंगला मोकळं होऊ द्यायचं. आदल्या दिवसापासून तेलाच्या वाटीत भिजवलेला नवा वॉशर ते बोटांनी दाबून बघत, जास्तीचं तेल पुसून काढत, मग पिस्टनला बसवून फिरवून फिरवून नळकांड्यात सरकवत. हे सगळं बघायला आम्ही भोवती उकिडवे बसायचो. कुणाच्या टॉर्चचा उजेड हलला तर मामा मान वर न करता म्हणायचे, "काय बे, भूकंप आला का?"

तेलाबाबत ते फार कडक. नव्या पोरांना बार उडवल्यावर नळीतून धूर आलेला आवडायचा, ताकद वाढल्यासारखी वाटायची. मामांनी आयुष्यभर डिझेल इंजिनं उघडली होती, त्यामुळे त्यांच्याइतकं नीट हे कुणी समजावलं नसेल. हवा एकदम दाबली की तापते. त्या हवेत तेलाची वाफ असेल तर ती पेटते. इंजिनात ते हवं असतं, इथं त्यानं वॉशर जळतो आणि स्प्रिंग तुटते. म्हणून थेंब, तोही मोजून. तसंच छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल कधी उडवायची नाही. पुढे हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो.

बाकीची कामं आम्हाला वाटून दिलेली. दस्त्याचे स्क्रू आवळणं, कारण स्प्रिंगच्या हादऱ्यानं ते ढिले होतात आणि मग नेम का भरकटतोय ते कळत नाही. नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची चिंधी ठेवून बार उडवणं. चिंधी फडफडली तर तिथून हवा गळतेय. बाहेरून पुसायला कारखान्यातले टॉवेलचे तुकडे ढिगानं मिळत, पण नळीत टॉवेल चालत नसे, त्याचे धागे आत राहतात. तिथं धुऊन मऊ झालेलं साधं सुती कापडच, आणि तेही मागच्या बाजूनं ओढायचं. छर्रे काचेवर घरंगळवून कडा दबलेले बाजूला काढायचे. शेवटी सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे, कारण हाताला शिसं लागलेलं असतं. त्याशिवाय कडक भाकरीला आणि शेंगाच्या चटणीला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती, डॉक्टरांनासुद्धा नाही.

रविवारची स्पर्धा त्याच गोदामात. टॉवेलचे गठ्ठे बाजूला सारून 10 मीटर आखायचे, 1.4 मीटर उंचीवर कार्ड लावायचं, मागे छर्रे अडवायला तिरप्या पत्र्याच्या पेट्या. मोठ्या स्पर्धांत 60 गोळ्या असतात, आमच्याकडे 20 वर भागायचं, कारण लेन मोजक्या आणि हौशी माणसं भरपूर. ऑक्टोबरच्या उकाड्यात नेमबाजीचं जाड जॅकेट घालणारे घामानं निथळायचे.

रायफलीच्या कार्डावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याचं भोक त्याहून कितीतरी मोठं, म्हणून वाद कायम रेषेवरचे. रेषेला स्पर्श झाला तर वरचा गुण, हा नियम सगळ्यांना पाठ, पण स्पर्श झालाय का हे ठरवायचे सर. खिशातून भिंग काढायचं, भोकात गेज, म्हणजे त्याची कड तपासायची छोटी मापकाडी, अलगद घालायचा आणि कार्ड खिडकीकडे धरायचं. एका वर्षी रेल्वेवाल्या काकांचं आणि कारखानदारांच्या पुतणीचं ओपन साईट (दुर्बीण न लावता साध्या नेमपट्टीनं मारायच्या) प्रकारातलं पहिलं बक्षीस अशाच एका भोकावर अडलं होतं. सरांनी तीनदा पाहिलं आणि म्हणाले, "लागलंय." पुतणी जिंकली. काकांनी आधी तिच्या पाठीवर थाप मारली, मग स्वतः जाऊन गेजमधून बघून आले.

ती जिंकली यात मला नवल वाटलं नाही. स्प्रिंगची रायफल छर्रा बाहेर पडायच्या आधीच हलायला लागते. पिस्टन पुढे धावतो तेव्हा ती मागे येते, पिस्टन थांबला की पुढे जाते. घट्ट आवळून धरली तर प्रत्येक वेळी वेगळी हलते. तिची पकड सैल आणि दरवेळी अगदी एकसारखी, आणि बार झाल्यावरही गाल दस्त्यावरून उचलायची घाई नाही. हे तिला रायफल आतून पाहिल्यामुळे जमलं, असं माझं ठाम मत आहे.

2008 च्या नवमीला गोदामात उभं राहायला जागा नव्हती. ऑगस्टमध्ये अभिनव बिंद्रानं बीजिंगला सोनं मिळवलं होतं आणि तेही एअर रायफलमध्येच. शेवटच्या गोळीआधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते; बिंद्रानं 10.8 मारला, म्हणजे जवळजवळ पूर्ण गुण. सरांनी हे इतक्या रंगात येऊन सांगितलं की त्या वर्षीपासून आमच्या स्पर्धेत शेवटची गोळी एकेकानं, बाकी सगळे बघत असताना मारायची पद्धत पडली. पुढे तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली तेव्हा मुलींची नावं वाढली, आणि 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक मिळवल्यावर तर लहान मुलांचे आईबाप रांगेत. दोघंही कोल्हापूरकडचे, त्यामुळे आपल्याकडेही होऊ शकतं ही भावना जास्त.

आता नव्या मुलांकडे दाबाच्या हवेच्या, सिलिंडरवाल्या रायफली आहेत. दोनशे बारचा दाब, झटका जवळजवळ नाहीच. मामांच्या दुरुस्तीच्या नोंदवहीत वॉशरच्या शेजारी नवा रकाना आला आहे, सिलिंडरवरच्या तारखेचा, कारण मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नसतो. वही आता पुतणी सांभाळते, मामा खुर्चीवर बसून लक्ष ठेवतात. सिलिंडरवाल्या मुलांनाही ती नवमीला एक जुनी स्प्रिंगची रायफल शिकंज्यात लावून स्वतः उघडायला लावते. मागच्या वर्षी एका मुलानं विचारलं, "ताई, माझ्या रायफलीत वॉशरच नाही, मग हे कशाला?" तिनं त्याच्या हातात पाना दिला आणि म्हणाली, "आधी उघड, मग विचार."