तुम्ही विचारलंत म्हणून: युगांडाची मदत तोडावी का?

समलिंगी संबंधांना जन्मठेप आणि काही प्रसंगी मृत्युदंड देणाऱ्या युगांडाची मदत पाश्चात्त्य देशांनी तोडायला हवी ना, असे मला, मी समलिंगी असल्यामुळे, वारंवार विचारले जाते आणि मी लगेच "हो" म्हणालो नाही की विचारणारा नाराज होतो. माझी सहानुभूती कोणाकडे आहे याविषयी शंका नको. मला अडवतो तो डिसेंबर 2013.

11 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 पुन्हा लागू केले आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये आपल्या अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. मराठी मुलीचा असा अपमान झाला म्हणून आमचे सारे घर संतापले होते, मीही संतापलो होतो. काही दिवसांत माजी परराष्ट्रमंत्री यशवंत सिन्हा यांनी सुचवले की अमेरिकी अधिकाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना भारताने याच कलमाखाली अटक करावी. टीव्हीसमोर बसलेले बाबा म्हणाले, "बरोबर बोलला." त्यांना माझ्याविषयी सर्व ठाऊक होते. मी म्हणालो, "बाबा, ते कलम मलाही लागतं." त्यांनी माझ्याकडे न पाहताच विचारले, "तुझं काय मध्येच?" त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. ज्या कलमाने मला गुन्हेगार ठरवले होते, ते दोन सरकारांच्या भांडणात हाताशी आलेले हत्यार झाले होते आणि त्या भांडणात माझ्यासारख्याला कोणी मोजतच नव्हते.

ब्रिटनच्या पंतप्रधानांनी 2011 मध्ये मदत रोखण्याची भाषा केली, तेव्हा आफ्रिकेतील कार्यकर्त्यांनीच जाहीर विरोध केला होता: रुग्णालये बंद पडली की दोष आमच्या माथी येईल. तरीही फेब्रुवारी 2014 मध्ये युगांडाने समलिंगींविरुद्ध कायदा केल्यावर तिथल्या आरोग्यसेवेसाठीचे नऊ कोटी डॉलरचे कर्ज जागतिक बँकेने लांबणीवर टाकले, तेव्हा मला आनंद झाला होता. त्या आनंदाशी मी अजून भांडतो, कारण तो पैसा बाळंतिणींच्याही कामी येणार होता. पण मलावीत 2010 साली 14 वर्षांची शिक्षा झालेले समलिंगी जोडपे त्याच महिन्यात सुटले, ते संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून तिथे गेलेले असताना. बाहेरच्या दबावाशिवाय ते घडले असते, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि मार्च 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना मिळणारे लाभ रोखण्यासाठी रशियाने आणलेल्या ठरावाला भारताने मत दिले, त्याविषयी मात्र मला कोणीच काही विचारत नाही.

2023 मध्ये युगांडाचा कायदा अधिक क्रूर होऊन परतला, बँकेने नवी कर्जे थांबवली आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू केली. कायदा जागेवरच आहे. पैसा रोखण्याआधी कंपालातल्या समलिंगी माणसांना विचारावे, एवढे मी ठामपणे सांगेन. त्यांच्यातच दोन मते निघाली, तर कोणाचे ऐकावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.