क्विक टेस्ट पास, लॅपटॉप नापास

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडतीचा हिशेब मी बघतो. हंगामात शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, समोर थांबलेला असतो, आणि आमचा लॅपटॉप टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडता उघडता गोठायचा. राजारामपुरीतल्या एका दुकानात विचारलं तर उत्तर तयारच होतं: रॅम वाढवा, नाहीतर विंडोज फॉरमॅट मारा.

रॅमचा काही संबंध नव्हता. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दाखवत होती, पण वाचण्याचा वेग सेकंदाला एक एमबीसुद्धा नव्हता. डिस्क खरंच काम करत असेल तर सहसा वेगाचा आकडाही मोठा दिसतो. इथं ती एकाच जागी अडून पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, तर पिवळा 'कॉशन', म्हणजे धोक्याचा इशारा. त्यात सी-५ ची ओळ बघायची. वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, तिथं मोजले जातात. ०५ च्या ओळीत बदली केलेले सेक्टर असतात. सी-७ वाढत असेल तर आधी केबलवर संशय घ्या.

डेटा त्याच रात्री काढला. आधी टॅलीचं फोल्डर, मग स्कॅन केलेली बिलं, फोटो शेवटी. एखाद्या फाइलवर अडकलं की ती सोडून पुढं जायचं. सगळं बाहेर निघेपर्यंत विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क दुरुस्त करायच्या सोयीला हात लावू नका, मरणाऱ्या डिस्कला ते अख्खी पिंजायला लावू शकतं. आणि टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, सरळ बंद करा.

वॉरंटी शिल्लक होती, म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो. खरा वैताग इथं सुरू झाला.

काउंटरवरच्या मुलानं दोन मिनिटांची क्विक टेस्ट लावली आणि लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "टेस्ट पास आहे साहेब, डिस्क ठणठणीत आहे."

मी पिवळा कॉशन दाखवला. "ते बाहेरचं सॉफ्टवेअर, आम्ही धरत नाही."

"मग तुमचीच मोठी टेस्ट लावा की."

"तिला लई वेळ लागतो."

"लागू दे. मी बसतो."

त्यावर उत्तर आलं, इंजिनिअर जेवायला गेलेत. जेवून आले तर म्हणाले, फॉरमॅट करून बघू. मी नको म्हटलं. फुल फॉरमॅट सगळ्या सेक्टरवर शून्यं लिहितं, त्यात सी-५ चा आकडा खाली येऊ शकतो, आणि मग भांडायला पुरावाच उरत नाही. छोटी टेस्ट डिस्कचा थोडासाच भाग वाचते, मोठी सगळा पृष्ठभाग वाचते. हे काउंटरवाल्याला मी समजावायचं! शेवटी त्यांच्याकडून खरी अडचण कळली: फेल कोड पडल्याशिवाय त्यांच्या सिस्टीममध्ये पार्टच बुक होत नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगायला काय झालं होतं?

घरी येऊन लॅपटॉप चालू होताना एफ-१२ दाबलं (काही कंपन्यांत एस्केप किंवा एफ-२), कंपनीच्याच डायग्नोस्टिकमध्ये एक्स्टेंडेड, म्हणजे तीच मोठी टेस्ट लावली आणि चार्जर जोडून झोपलो. सकाळी स्क्रीनवर लाल अक्षरात फेल, खाली कोड. मोबाईलवर फोटो काढला. तो दाखवल्यावर त्याच काउंटरवर खुर्ची मिळाली, चहा विचारला. पार्ट बुक झाला, आला, बसला.

तिथं सही घेतात तो कागद मात्र वाचा. डेटाची जबाबदारी त्यांची नाही आणि जुनी डिस्क परत मिळत नाही, ती कंपनीकडं जाते. घरचे कागद तिच्यावर असतील तर हे आधी डोक्यात ठेवा.

स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फो दाखवतं त्यांत, सगळं निळं (ठीक) दिसलं म्हणूनही निवांत राहू नका. गूगलनं २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. बिघडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या आकड्यांत आधी काहीच दाखवलं नव्हतं.

वॉरंटीत जुन्यासारखीच फिरती हार्ड डिस्क आली. मी ती केसिंगमध्ये घालून बॅकअपला ठेवली आणि लॅपटॉपमध्ये पदरच्या पैशांनी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली. आता पट्टी मागेपर्यंत टॅली उघडलेलं असतं. हो, एक राहिलंच: डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाचं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्या. डिस्क काढून दुसरीकडं जोडली की पहिल्यांदा तीच मागितली जाते.