काकांचं नेट आणि ९४ चा आकडा

लालबागच्या काकांचा पीसी दुकानातून जाऊन महिना पण झाला नसेल आणि त्यांचा फोन, "काय रे, स्वस्तातला मदरबोर्ड गळ्यात मारलास ना, नेट रडतंय बघ इथे." बोर्ड स्वस्तातला होता हे खरं, पण गळ्यात वगैरे काही मारला नव्हता, त्यावर लॅमिंग्टन रोडला आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर चांगलीच वादावादी झालेली. त्यांच्या मुलीला बी५५० चिपसेटचा महागडा बोर्डच हवा होता, कुठल्यातरी व्हिडिओत स्वस्तातला ए५२० म्हणजे भंगार असं ऐकून आलेली. मी म्हटलं अगं, तू ग्राफिक कार्ड घेत नाहीयेस, प्रोसेसर रायझन ५ ५६००जी घेतेयस, बी५५० चा मोठा फायदा म्हणजे पीसीआयई ४.० (कार्ड, एसएसडी जोडायचा जास्त वेगाचा रस्ता) आणि हा प्रोसेसर मुळात ३.० च्या वर जातच नाही, मग जास्तीचे पैसे कसले? ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, ए५२० वर होत नाही, पण ते तू करणारेस का? नाही म्हणाली. मग वाचलेल्या पैशात एसएसडी मोठी घेतली आणि रॅमची १६ जीबीची एकच स्टिक न घेता ८-८ च्या दोन लावल्या, कारण ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असलं की ते रॅमच्या जोरावर चालतं आणि ड्युअल चॅनलने, म्हणजे दोन स्टिक एकत्र चालल्याने, खरंच फरक पडतो. माझा एकच हट्ट होता, वीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, तो तापतो) हीटसिंक असलेलाच बोर्ड घ्यायचा, कारण चाळीतली खोली, मे महिना, एसी नाही. बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) दुकानातच अपडेट करून दिला, ए५२० बाजारात २०२० ला आला आणि हा प्रोसेसर त्यानंतरचा, जुना स्टॉक असला तर डिस्प्लेच येत नाही आणि मग परत बोर्डच्याच नावाने शंख.

दुकान बंद करून बाईकवर गेलो. तक्रार अशी की प्लॅन २०० एमबीपीएसचा, राउटरजवळ मोबाईलवर १८० च्या आसपास येतात, पीसीला वायर लावूनही कमीच, वर अधूनमधून नेट गायबच होतं आणि रिस्टार्ट मारला की कधी येतं कधी नाही. स्पीड टेस्ट मारली, ९४. परत मारली, परत ९४. हा आकडा बघितला की माझं डोकं बोर्डवरून उठतं. लाइन खराब असली तर आकडा वरखाली नाचतो, ९४ वर खिळून बसला म्हणजे लिंकच, म्हणजे वायरीच्या दोन टोकांतली जोडणीच, १०० ची झालीय, त्यातले थोडे ओव्हरहेडमध्ये, डेटाच्या पॅकिंगमध्ये, जातात. विंडोजमध्ये बघितलं तर तेच, १००/१००. पीसीचा लॅन पोर्ट मात्र गिगाबिट, म्हणजे १००० चा. मी बॅगेतला लॅपटॉप काढला, माझी स्वतःची छोटी केबल थेट राउटरला लावली, १ जीबीपीएस. पीसी उचलून राउटरपाशी नेला, त्याच केबलवर तोही १ जीबीपीएस. बोर्ड सुटला, पण काकांचा चेहरा तसाच.

म्हणजे केबल. गिगाबिटला केबलीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी नेट चालू राहतं फक्त स्पीड पडतो, खिडकीच्या स्लायडिंगमध्ये दबलेल्या केबलीत हे नेहमीचंच. केबल टेस्टर लावला, यात शाबूत तारेमागे एक लाइट लागतो, एक टोक राउटरपाशी, दुसरं पीसीपाशी. आणि दुसऱ्या टोकाला एकही लाइट नाही. एकही! ज्या वायरीवर आत्ता नेट चालत होतं ती टेस्टरच्या मते वायरच नाही.

दोन मिनिटं मी नुसता उभा. मग लक्षात आलं की ही एक केबल नाहीच, मध्ये कुठेतरी काहीतरी बसलंय. "काका, ही वायर जाते कुठून?" तर माळ्यावरून, असं उत्तर. स्टूल घेऊन हाताने वायर चाचपत गेलो, माळा, भिंत, टीव्हीच्या युनिटमागे, आणि तिथे धुळीने माखलेला जुना राउटर, दिवे लुकलुकतायत. पुतण्याने टीव्हीला वायर द्यायला लावलेला आणि काका साफ विसरलेले. त्याचे सगळे पोर्ट १०० चेच. शिवाय दोन्हीकडून लॅनला लॅन जोडलेला आणि डीएचसीपी (प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटणारी सोय) चालू, म्हणजे घरात आयपी वाटणारे दोन. मोठ्या राउटरने दिला तर १९२.१६८.१ वाला, नेट चालू. या महाशयांनी आधी दिला तर १९२.१६८.० वाला, गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, हे स्वतः, आणि यांच्या मागे इंटरनेटच नाही. रिस्टार्ट मारून जे बरं व्हायचं ते निव्वळ नशीब.

डीएचसीपी बंद करून अर्धं काम झालं असतं पण पोर्ट काही मोठे होत नाहीत, म्हणून तो काढलाच, त्या जागी पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (नुसता वायरी जोडणारा डबा, आयपी वाटत नाही), टीव्ही पण त्यावरच. मग दोन्ही तुकडे वेगवेगळे टेस्टरवर घेतले, आठही लाइट लागले. पीसीला १९० च्या वर स्पीड.

काकांनी तिथूनच पुतण्याला फोन लावला, स्पीकरवर. तो भडकलाच, "खोक्यावर ३०० लिहिलंय की!" मी सांगितलं बाबा ते ३०० वायफायचे, हवेतले, तेही कागदावरचे, वायरीच्या पोर्टाबद्दल मागच्या बाजूला बारीक अक्षरात १०/१०० लिहिलेलं असतं ते वाच. तो म्हणाला बरं मग तो राउटर मला परत द्या, आमच्याकडे बेडरूममध्ये रेंज येत नाही, तिथे लावतो.

मी त्याला डीएचसीपी कुठून बंद करायचं ते व्हॉट्सॅपवर पाठवलंय.