सावलीचा डबा

गेल्या महिन्यात आमच्या रंगाच्या दुकानात एक काका काउंटरवर आले आणि मोबाईल पुढे धरून म्हणाले, "ताई, हा रंग करून द्या." फोटोत पांढरी भिंत, तिच्यावर झाडाची सावली. मी विचारलं, "भिंतीचा ना?" तर म्हणाले, "नाही, सावलीचा."

रंग कालवायच्या टिंटिंग मशीनवर मला चौदा वर्षं झाली. लोक काय वाटेल ते घेऊन येतात. वाळलेलं पान, बटण, जुन्या दाराचा पोपडा, पाण्यातला गोटा. गोटा सगळ्यात फसवा. मनात भरलेला असतो तो ओला, दुकानात येईपर्यंत सुकून फिकट झालेला असतो. तरी वस्तू हातात असली की काहीतरी जमतं. तिच्यावर स्पेक्ट्रो, म्हणजे रंग मोजायचं यंत्र, टेकवायचा, तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला परतलेला उजेड मोजतो, संगणक फॉर्म्युला काढतो. पुढचं काम आपल्या नजरेचं. इमल्शन ओलं असताना पास-नापास ठरवायचं नाही, बहुतेक वेळा ते सुकल्यावर गडद होतं. आणि ट्यूबखाली जुळलेला नमुना दाराबाहेर उन्हात नेऊन बघायचाच, कारण वेगळ्या रंगद्रव्यांतून बनलेले दोन सारखे रंग उजेड बदलला की फारकत घेतात.

सावलीवर मात्र स्पेक्ट्रो टेकवता येत नाही. टेकवला तर तो स्वतःचा दिवा लावतो आणि खालची पांढरी भिंत मोजतो.

आमच्याकडचा नवा मुलगा हुशार आहे, पण स्क्रीनवर भाबडा विश्वास. त्याने फोटो झूम केला, शेड कार्डातला एक राखाडी लावून बघितला आणि नमुन्याचा डबा देऊन टाकला. दोन दिवसांनी काका परत. "ही राख झाली हो." होणारच. मोबाईलचा कॅमेरा उजेडाचा निळेपणा-पिवळेपणा आपल्या मनाने दुरुस्त करतो, त्यातून सावलीचा खरा रंग शोधायला जाणं म्हणजे ऐकीव गोष्टीवर निकाल देण्यासारखं आहे.

तेव्हा काकांनी कारण सांगितलं. काकू दुपारची कामं आटोपली की मागच्या दारी त्या भिंतीसमोर बसायच्या. आता त्या अंथरुणाला खिळल्यात, पलंग आतल्या खोलीत आहे. पलंगासमोरची भिंत त्यांना तशी हवी होती.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. बरोबर राखाडी पुठ्ठा होता, त्याला शेजारी शेजारी दोन भोकं पाडलेली. एका भोकातून भिंत बघायची, दुसऱ्यातून नमुन्याची पट्टी. आजूबाजूचं सगळं झाकलं की डोळा तुलना करायचं थांबतो आणि नुसता रंग दिसतो. पट्टी सावलीत धरली तर पांढरी पट्टीच तंतोतंत जुळते, कारण भिंत पांढरीच आहे! पट्टी उन्हात धरायची आणि भिंत सावलीतली बघायची, तेव्हा कुठे मोजमाप खरं होतं.

आकाश निरभ्र होतं. सावलीत ऊन नसतं, पण आकाशाचा निळा उजेड असतो, त्यामुळे वरचा भाग चांगलाच निळसर. खाली जमिनीपासून दोनेक वितींपर्यंत वेगळंच. समोरच्या मातीवरून उन्हाचा उजेड उसळून भिंतीवर येत होता, तिथे सावलीला पिवळसर, गव्हाळ ऊब होती. मधे दोन्ही एकमेकांत विरघळलेले. मी बराच वेळ तिथे उकिडवी बसून होते. इतकी वर्षं रंग कालवते, पण एका पांढऱ्या भिंतीवर एवढं चाललेलं असतं हे कधी नीट बघितलं नव्हतं.

मधल्या भागाला जुळलेली पट्टी निघाली जवळजवळ पाटीच्या दगडाएवढी गडद. मोजमाप बरोबर होतं, तीनदा पाहिलं. काकांनी ती हातात घेतली आणि मान हलवली. "सावली एवढी काळी नसते." त्यांचंही बरोबर होतं. पांढरी भिंत सावलीत गेली तरी आपण ती पांढरीच धरून चालतो, आणि मनात राहतो तो एक हलका निळसर थर. आतल्या खोलीत ती पाटी लावली असती तर भरदुपारी दिवा लावावा लागला असता.

मग मी त्यांच्या आठवणीला रंग जुळवला. एक लिटर पांढरा बेस, काळा दीड मिलि, निळा थेंबाथेंबाने. आमचा निळा थॅलो, जहाल जातीचा, वर हिरव्याकडे झुकणारा. ती हिरवट झाक मारायला रेड ऑक्साइड, तेही काडीच्या टोकाने. पाच वेळा पट्टी ओढली, सुकवली, दारात नेली. पाचव्या पट्टीवर काका काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मी फॉर्म्युला वहीत लिहिला आणि पुढे नाव टाकलं, सावली. फिनिश मॅट घ्यायला लावला. रंगारी सॅटिनसाठी हटून बसला होता, पुसायला सोपं म्हणून. पण चकाकणारी सावली कुणी पाहिली आहे का?

दोन हात मारून झाले तशी मी बघायला गेले. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायला. भिंत सुरेख झाली होती, कडा सरळ, कुठे ठिगळ नाही. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "वरचं बरोबर आहे गं. पण खाली पिवळं असायचं ना? मातीजवळ."

मला काही बोलताच येईना. ते पिवळं मी पाहिलं होतं, भोकातून, अर्धा तास. आणि सोडून दिलं होतं, कारण एका भिंतीला एक कोड, एक डबा, हीच आमच्या धंद्याची सवय. रंग काकूंचा होता आणि पाचही पट्ट्या मी काकांना दाखवल्या. दुकानापासून त्यांच्या पलंगापर्यंत पट्टी न्यायला कितीसा वेळ लागला असता? याचं उत्तर मी अजून स्वतःला देऊ शकलेले नाही.

दुसरा डबा कालवला आहे. तोच बेस, काळा निम्मा, निळा नाही, यलो ऑक्साइड आणि जरासा तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना. या वेळी पट्टी आधी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली, मग पलंगाच्या कडेखाली वाकवून बघितली आणि म्हणाल्या, "अजून थोडं मातीकडे ने." नेलं.

दोन रंग ओले असतानाच एकमेकांत ओढायचे म्हणजे दोन माणसं लागतात, एक रोलरवर, एक कोरड्या ब्रशवर. रंगारी कुरकुरत का होईना तयार झाला. रविवारी ब्रश मी धरणार आहे.